सव्वीस नंबरचा पट्टा

रबाळे एमआयडीसी, मागच्या गल्लीतली शेड.
कोपऱ्यात जाळीचं दार, आत माझं स्टोअर.
खुंट्यांवर पट्टे : जांभळा एक टन, हिरवा दोन,
पिवळा तीन, करडा चार. लाल पाचाचा.
रंग पाठ व्हायला मला आठवडा लागला,
रंगावर विसंबायचं नाही हे कळायला वर्ष.

"रंग उन्हात विटतो, मढवीबाई,"
बुरोंडकर चाचा म्हणायचे, "बिल्ला वाचा.
बिल्ला नाही तर तो पट्टा नाही. चिंधी."

चाचा हर्णैचे. बाप गलबतावर, आजा गलबतावर,
हे मात्र कोरड्या जमिनीवरचे खलाशी.
तारेच्या दोरावरून हात नाही फिरवायचे,
फडक्याचा बोळा फिरवायचे.
तार तुटली असेल तिथं फडकं अडतं,
एक धागा मागे ठेवतं.
चाचा ते धागे मोजायचे.
बोटं मोजायची सोय नव्हती,
ती साडेआठच होती.

उरलेल्या दीडाबद्दल मी एकदाच विचारलं.
"दिवाळी तोंडावर होती," म्हणाले, "घाई होती."
आणि चहा बशीत ओतला.

मंगळवारी दारात ट्रेलर लागलेला.
हीट एक्स्चेंजर, साडेसहा टन, रात्रीच्या आत निघायचा.
रामअवध क्रेनमध्ये चढून बसलेला,
आणि निमकर साहेब जाळीशी : "सव्वीस द्या. चोवीस आणि सव्वीस."

सव्वीस लाल. कडेला दोन बोटं चिरलेला,
आतला धागा दिसत होता
सोललेल्या गुडघ्यासारखा.
वहीत मी लिहिलं होतं : बाद.
"अहो, मागच्याच महिन्यात उचललंय त्यानं."
मी म्हटलं, तो मागचा महिना.

हे कसं म्हणाले, मला ठाऊक नाही.
माझा पगार त्यांच्याच सहीनं निघायचा.

चाचा आले. बोलले काहीच नाहीत.
पट्टा खुंटीवरून काढला, बाकावर पसरला
आणि सुरीनं मधोमध कापला.
बाद पट्टा अख्खा ठेवायचा नसतो.
अख्खा राहिला की कुणीतरी त्याला माफ करतं.

दोन तास उशीर. महाप्याहून नवा जोड आला.
चाचांनी धारदार कडांखाली जुन्या टायरचे तुकडे सारले,
पट्ट्यांचा कोन एक डोळा मिटून बघितला.
"फाकवू नका रे. वजन तेवढंच राहतं,
ओढ दुप्पट होते."

मग हात वर. हाबेस.
वीतभर. बस.

त्या वितीत सगळं गप्प :
ग्राइंडर, ठाणे-बेलापूर रोड, पारसिकचा डोंगर.
चाचा ओणवे होऊन फटीतून पलीकडचं ऊन बघत होते.
लिंबाजीनं लांबून दोर धरलेला.
तेवढ्यात एक कुत्रं सावलीसाठी खाली शिरायला लागलं.
ते हाकलेपर्यंत
साडेसहा टन हवेत थांबले.
हाबेस.
आरिया.
आरिया, हळू.
ठोकळ्यांवर टेकलं तेव्हा ट्रेलरनं उसासा टाकला.

उशिराचं कारण साहेबांनी लिहिलं : स्टोअर.

संध्याकाळी लिंबाजी जाळीशी आला.
कापलेला लाल तुकडा हवा होता,
घरी पाळणा टांगायला.
मुलगी दोन महिन्यांची, सव्वाचार किलो.
मी चाचांकडे बघितलं.
पाच टनाचा पट्टा. सव्वाचार किलो.
हिशोब कुणालाही आला असता.

चाचांनी चष्मा लावला,
तुकडा बोटाबोटानं पुढे सरकवत तपासला,
परत ठेवला.
खिशातून शंभराच्या दोन काढल्या.
"नाक्यावर सुती दोर मिळतो. नवा घे.
आणि गाठ कशी मारणार, ती उद्या मला दाखव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
लिंबाजीनं पाण्याचा जार टांगून दाखवला.
चाचांनी तीनदा सोडायला लावली.
चौथी राहिली.